आमची वाटचाल : खांब, तुळई आणि आढं

वडिलांनी दापोली तालुक्यात सुतारकामाची शेड टाकली तेव्हा त्यांच्याबरोबर एकच माणूस होता, आमचे मिस्त्रीकाका. भांडवल वडिलांचं, हात काकांचा. कागदावर भागीदारी कधी झाली नाही, पण खांब कधी उभे करायचे ते काका ठरवत आणि वडील ऐकत. त्यांची वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, ज्यांनी चालताना पाहिली त्यांनाच मी काय म्हणतोय ते कळेल. ऐनाचा ओंडका त्यांनी चौरस केला की रंध्याला फारसं काम उरत नसे. काटकोन बघायचा गुण्या, ओळंबा, लाकडावर समांतर रेघ मारायची खतावणी, दोन पटाश्या आणि भोकं पाडायचं एक बारीक किंकरं, एवढ्यावर त्यांनी अख्खी घरं उभी केली. ते किंकरं झिजून आखूड झालंय, पण आजही आमच्या कामात आहे आणि त्याची धार नव्या मालाला येत नाही.

तुळईचं कुसू, म्हणजे टोकाला कोरून काढलेली जीभ, खांबाच्या भोकात ठोकून बसवायचं आणि आरपार लाकडाची खुंटी मारायची, ही काकांची रीत. जोडात खिळा चालायचा नाही. समुद्राकडची खारी हवा लोखंड खाते, वाळलेल्या लाकडाची खुंटी मात्र जोड धरून राहते.

पुढे बरीच वर्षं कामं मिळत गेली, देणी फिटत गेली.

मग निसर्ग वादळाच्या आधीची ती दोन वर्षं आली. एका रिसॉर्टच्या कॉटेजेसचं काम आमच्याकडे ठरलं होतं. नकाशे आम्ही काढले, खण, म्हणजे खांबांमधले गाळे, आम्ही पाडले, वखारीतून किंजळाचं लाकूड उचलून आणलं, तेही पतपेढीच्या कर्जावर. आमच्याच शेडमध्ये शिकून बाहेर पडलेल्या एकाने मध्येच चौरसफुटाचा भाव दिला आणि काम नेलं. आमचं कोटेशन दोन पानी होतं: तळखडे (खांबाखालचे दगड) किती, खांब किती, तुळया कोणत्या मापाच्या, कैच्या (छपराचे तिकोनी सांगाडे), आढं (माथ्यावरचं आडवं लाकूड), कोनवासे (कोपऱ्यातले तिरके वासे), वासे, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), सगळं वेगवेगळं. त्याच्या कागदावर ‘लाकडी छप्पर’ ही एकच ओळ आणि खाली आकडा. मालकाने आकडा पाहिला.

त्या एका ओळीत काय काय गायब होतं ते सांगतो. आतून उंच दिसावं म्हणून कैचीची खालची तुळईच काढून टाकली होती. कैचीचे दोन तिरके हात कौलांच्या वजनाने बाहेर रेटा देतात, तो रेटा खालची तुळई धरते. ती नसली की रेटा थेट भिंतीवर. वर किंजळ सांगून ओला आंबा वापरलेला. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतींना वळचणीखाली आडव्या भेगा गेल्या, वाशांतून भुंग्याचा भुसा गळायला लागला. दुरुस्तीला फोन आम्हालाच आला. आम्ही काम करून दिलं. पण आमचं कोटेशन का नाकारलं, यावर तिथे कुणी एक शब्द काढला नाही, आणि ते मला आजही लागतं.

तोवर शेडवर जप्तीची नोटीस येण्याची वेळ आली होती. दोन चांगले कारागीर पोटासाठी मुंबईला गेले. मालाचे हप्ते थकले. तेव्हा जवळच्याच गावातले एक निवृत्त मास्तर स्वतःहून आले आणि पडून असलेलं किंजळ त्यांनी आपल्या घराच्या नव्या छपरासाठी घेतलं, पैसे आगाऊ देऊन. त्यांच्या वडिलांचं घर मिस्त्रीकाकांनी बांधलेलं. “काकांचा माल आहे ना, मग मोजून काय बघू?” एवढंच बोलले. आम्ही तरी मोजून दिला.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडात माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवरचे पत्रे उडून शेजारच्या आवारात पडले. मास्तरांची दर्शनी बाजूची कौलं गेली. खांब, तुळया, आढं, वासे जागचे हलले नाहीत. त्या पावसाळ्यात आमच्या शेडमध्ये दिवसरात्र करवत चालली आणि पतपेढीचं कर्ज त्याच कामांतून फिटलं.

घर बांधणाऱ्यांना थोडं सांगतो. खांब जमिनीत पुरू नका, दगडी तळखड्यावर उभा करा, नाहीतर वाळवीला वाट मिळते. लाकूड चिरल्यावर थरांमध्ये पट्ट्या घालून सावलीत रचा. जाडीच्या दर इंचाला साधारण एक वर्ष हा वखारीचा जुना हिशोब आहे. ओल्या लाकडाला रंग लावू नका, ओल आत कोंडते. रिपांचं अंतर कागदावर ठरवू नका, ज्या भट्टीची कौलं घेणार त्यातली दोन हातात घेऊन एकावर एक बसवा आणि मगच रीप ठोका. आणि कैचीची खालची तुळई कुणी ‘दिसायला नको’ म्हणून काढायला सांगितली, तर आधी ती का असते ते त्याला विचारा.

काम घेऊन याल तेव्हा खणांची संख्या, पाख्यांचा, म्हणजे छपराच्या बाजूंचा, उतार आणि कौल कोणतं ते सांगा. आम्ही प्रत्येक लाकडाचं माप आणि जात लिहून देऊ, आणि माल शेडमध्ये येईल त्या दिवशी तो मोजून घ्यायला तुम्ही स्वतः या.