प्रश्न आधी, मत नंतर

६ जून, बेळगाव

आज गुरुदेव रानडे यांची पुण्यतिथी. १९५७ साली याच तारखेला त्यांनी निंबाळला देह ठेवला. सोलापूर-विजयपूर रेल्वेमार्गावरचं हे लहानसं स्टेशन आजही लोकांना माहीत आहे ते त्यांच्यामुळेच. आपल्याकडे रानडे म्हटलं की निंबरगीचे महाराज, उमदीचे भाऊसाहेब महाराज, अंबुराव महाराज आणि मग गुरुदेव, ही गुरुपरंपरा डोळ्यांपुढे येते. ते योग्यच आहे. पण या माणसाचं अर्धं आयुष्य वर्गात गेलं, हे मात्र मागे पडलं. याची मला मनापासून खंत वाटते, कारण सीमाभागातल्या तत्त्वज्ञानाच्या वर्गाला आज गरज आहे ती प्राध्यापक रानड्यांची.

जन्म ३ जुलै १८८६, जमखंडी. तेव्हा पटवर्धनांचं संस्थान, आता बागलकोट जिल्हा. शाळा तिथेच, मग पुण्याचं डेक्कन कॉलेज. शिकवायला सुरुवात केली तीही पुण्याकडेच: आधी फर्ग्युसन, नंतर सांगलीचं विलिंग्डन. पुढे अलाहाबाद विद्यापीठात तत्त्वज्ञानाचे विभागप्रमुख, काही काळ कुलगुरू, आणि १९४६ला निवृत्ती. घरात मराठी, आजूबाजूला कन्नड, अभ्यासाला संस्कृत, आवडीने ग्रीक आणि व्याख्यानाला इंग्रजी. खानापूर-निपाणीकडून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याचीही भाषांची ओढाताण अशीच असते. रानड्यांनी या ओढाताणीतूनच प्रश्न आधी ठेवण्याची आपली पद्धत घडवली, असं मला वाटतं.

८ जून

उपनिषदांवरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९२६चा. त्याची मांडणी बघावी. एक उपनिषद संपलं की दुसरं, असा क्रमच नाही. सात प्रकरणं आहेत आणि ती विषयांची आहेत: विश्व कसं झालं, मनाचे व्यापार, पुढच्या दर्शनांची मुळं, अंतिम सत्य, नीती वगैरे. एका प्रश्नाखाली छांदोग्य, बृहदारण्यक, कठ, प्रश्न यांतली वचनं शेजारी शेजारी येतात आणि मूळ संस्कृतही हाताशी दिलेलं असतं. ज्ञानेश्वर, तुकाराम, रामदास यांची त्यांनी काढलेली वचनामृतंही विषयवारच लावलेली आहेत.

पहिल्याच प्रकरणात त्यांनी उपनिषदातल्या गुरूंच्या शिकवण्याच्या दहा पद्धती वेगळ्या काढल्या आहेत: कोड्याची, सूत्राची, व्युत्पत्तीची, कथेची, दृष्टांताची, वादाची, समन्वयाची, स्वगताची, समोरच्याची तयारी पाहून बेताचंच सांगण्याची, आणि एकेका उत्तरामागे आणखी एक प्रश्न विचारत मागे मागे नेण्याची. शिकवायला नव्याने लागलेल्या कुणीही ही यादी पाठ्यक्रमाआधी वाचावी. शेवटच्या दोन पद्धती तर रोजच्या उपयोगाच्या. प्रजापतीकडे देवांचा इंद्र आणि असुरांचा विरोचन दोघंही आत्मा जाणून घ्यायला येतात. बत्तीस वर्षांनी ‘आरशात, पाण्यात दिसतो तो आत्मा’ एवढंच सांगितलं जातं. विरोचन तेवढ्यावर खूश होऊन निघून जातो. इंद्राला वाटेतच शंका येते, तो परततो, पुन्हा पुन्हा परततो, आणि एकशे एक वर्षं राहतो. बी.ए.च्या वर्गातही पहिलं उत्तर मुद्दाम अपुरं ठेवावं आणि परत कोण येतं ते पाहावं. दुसरं उदाहरण जनकाचं. तो याज्ञवल्क्यांना विचारत जातो. माणसाला उजेड कशाचा? सूर्याचा. सूर्य मावळल्यावर? चंद्राचा. तो नसेल तर? अग्नीचा. तोही विझला तर? वाणीचा. वाणीही थांबली तर? आत्म्याचा. एवढ्या पाच पायऱ्या फळ्यावर एकाखाली एक लिहिल्या की तास स्वतःच चालतो.

९ जून, रात्री

मिठाच्या दृष्टांताचा तास कसा घ्यावा, हे सविस्तर लिहून ठेवतो. छांदोग्याच्या सहाव्या अध्यायात तेराव्या खंडात तो आहे. श्वेतकेतू बाराव्या वर्षी गुरुगृही गेला, चोविसाव्या वर्षी वेद शिकून ताठ मानेने परतला. त्याचे वडील आरुणी त्याला व्याख्यान देत नाहीत, कामाला लावतात: मीठ पाण्यात टाक, सकाळी ये. मग वरचं पाणी चाख, मधलं चाख, तळाचं चाख. मीठ दिसत नाही, पण सगळीकडे खारटच लागतं.

वर्गात हे करून दाखवणारे बरेच जण फसतात. ग्रंथात ढवळायचं कुठे सांगितलेलं नाही, म्हणून आदल्या संध्याकाळी पेल्यात खडेमीठ टाकून पेला तसाच ठेवतात. सकाळी तळाचं पाणी खारट लागतं आणि वरचं जवळजवळ गोडं. वर्ग हसतो आणि तास हातचा जातो. कारण साधं आहे. मीठ विरघळलेलं पाणी जड, ते तळाशीच बसतं. न हलवता ते आपोआप वर पसरायला एक रात्र मुळीच पुरत नाही.

म्हणून दोन पेले करावेत. प्रत्येकात सुमारे २०० मिलिलिटर पिण्याचं पाणी आणि चहाचा एक सपाट चमचा खडेमीठ. एक पेला चांगला ढवळून ठेवावा, दुसरा मुळीच हलवू नये, आणि वर्गात नेतानाही तो हिंदकळू देऊ नये. चाखायला कागदी नळ्या घ्याव्यात, प्रत्येकाला आणि प्रत्येक घोटाला नवी. नळीचं वरचं तोंड बोटाने बंद करून ती हव्या त्या खोलीपर्यंत बुडवायची, बोट उचलायचं, पाणी चढलं की पुन्हा बंद करून बाहेर काढायची. दुसऱ्या पेल्यातला फरक लपवू नये. उलट तोच पुढे करून विचारावं: आरुणीचा दृष्टांत नेमका कोणत्या पेल्याला लागू पडतो, आणि ग्रंथाने काय गृहीत धरलं आहे? मुलं ग्रंथ इतक्या बारकाईने वाचतात ती बहुधा इथे पहिल्यांदा.

मग एक आक्षेप हमखास येतो: पाणी आटवलं तर मीठ परत मिळेल, म्हणजे दोन वस्तू दोनच राहिल्या, मग हे अद्वैत कसलं? हा आक्षेप येईपर्यंत शिक्षकाने गप्प बसावं. आला की त्याच अध्यायातले बाकीचे दृष्टांत पुढे ठेवावेत. मीठ दाखवतं ते एवढंच, की न दिसणारं सगळीकडे असू शकतं. वडाच्या फळातलं बी दाखवतं की सूक्ष्मातून मोठं उगवतं. मध आणि नद्या दाखवतात की वेगळेपणाची खूण पुसली जाते. ‘तत्त्वमसि’ (‘ते तूच आहेस’) नऊ वेळा येतं ते उगीच नाही. एका दृष्टांतावर सगळा भार टाकला की तो मोडतो. त्यानंतर या वचनात शंकराचार्य जीव आणि ब्रह्म यांचं ऐक्य वाचतात, रामानुज शरीर आणि शरीरी (शरीर धारण करणारा) असा संबंध, तर मध्व भेद, हे सांगावं. उडुपीचे मध्व आणि मेलकोट्याला राहिलेले रामानुज, दोघांचाही याच राज्याशी संबंध. मुलांना ते परके वाटायचं कारण नाही.

बहुतेक ठिकाणी गाडी उलटी चालते. आधी ‘अद्वैत म्हणजे’ अशी टिपणं लिहून दिली जातात आणि दृष्टांत शोभेला येतो. मग कुठलाही प्रश्न विचारला तरी उत्तर एकच येतं, ‘सर्व ब्रह्म आहे’. प्रश्न काय होता, ते कुणालाच आठवत नाही.

१२ जून

हीच पद्धत तर्कशास्त्राला लावता येते. न्यायदर्शनाचं अनुमान पाच अवयवांचं: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर विस्तव आहे, धूर आहे म्हणून, जिथे धूर तिथे विस्तव जसं स्वयंपाकघर, तसाच हा डोंगर, म्हणून इथे विस्तव आहे. मुलं दोन ठिकाणी चुकतात. उदाहरणात नुसतं ‘जसं स्वयंपाकघर’ लिहितात आणि ‘जिथे धूर तिथे विस्तव’ ही व्याप्ती गाळतात. आणि उपनय म्हणजे पुनरुक्ती समजून तो सोडून देतात. व्याप्ती या डोंगराला जोडली जाते ती उपनयातच.

दोषांसाठी मात्र डोंगर सोडून गुऱ्हाळावर यावं. चिकोडी, गोकाककडच्या मुलांनी ते पाहिलेलं असतं. ‘जिथे विस्तव तिथे धूर’ हे खरं का? चुलवाणात वाळलेली चिपाडं चांगली पेटली की धूर विरळ होतो. ओली घातली की धुराडं काळं ओकायला लागतं. म्हणजे धुराला नुसता विस्तव पुरत नाही, ओलं जळणही लागतं. नैयायिक यालाच उपाधी म्हणतात, आणि उदाहरणही ओल्या इंधनाचंच देतात. दुसरा दोष काहिलीवर. उकळत्या रसाची वाफ लांबून धुरासारखी दिसते. तिच्यावरून विस्तवाचं अनुमान केलं तर विस्तव असेलही, पण अनुमान चुकीचंच, कारण हेतूच, म्हणजे धूरच, तिथे नाही. निष्कर्ष बरोबर आणि तर्क चूक, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे दाखवता येत नाही.

१५ जून

हे सगळं करायला वेळ कुठून आणायचा, हा रास्त प्रश्न आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन, सहयोगी आणि प्राध्यापकाला १४. नवा तास नीट बांधायला माझ्या मते तीन तास तरी जातात, म्हणजे सगळेच तास असे होणार नाहीत. सत्राला सहा प्रश्न निवडावेत, तेवढेच या रीतीने घ्यावेत आणि बाकीचा पाठ्यक्रम भराभर उरकावा. प्रत्येक प्रश्नाला एकच कागद: वर प्रश्न, खाली दोन-तीन मूळ वचनं, शेजारी मराठी आणि कन्नड अर्थ, तळाला पारिभाषिक शब्दांची इंग्रजी रूपं. ती रूपं गाळू नयेत. नेटची, म्हणजे प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेची, तत्त्वज्ञानाची प्रश्नपत्रिका इंग्रजी-हिंदीतच असते, आणि तीन तासांत दोन्ही पेपर मिळून १५० प्रश्न सोडवताना शब्द शोधत बसायला सवड नसते. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही सांगून ठेवावं.

अंतर्गत परीक्षेत दहा गुणांच्या उत्तराची वाटणी मी अशी सुचवेन: प्रश्न नेमका मांडला तर दोन, मूळ वचन आणि त्याचा अर्थ तीन, विरुद्ध मत त्याच्या पूर्ण बळानिशी मांडलं तर तीन, स्वतःचा निर्णय आणि त्याचं कारण दोन. ही वाटणी पहिल्याच तासाला फळ्यावर लिहावी, म्हणजे गाइडमधला परिच्छेद पाठ करून येणाऱ्याला आधीच कळेल की त्यातून तीनच्या वर गुण निघणार नाहीत.