डबीतल्या दोन काचा

परवा माळा आवरताना फिल्म रोलची जुनी डबी हाती लागली. आत एमएस्सीच्या प्रोजेक्टमधल्या दोन काचा. एक पाघळून तळाला चिकटलेली, पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या चिक्कीसारखी. दुसरी अजून खडखड वाजणारी.

दोन्ही एकाच मुशीतल्या, सोडियम मेटाफॉस्फेटच्या. ही काच सव्वासहाशे अंशांच्या आसपास वितळते, म्हणून करायला सोपी. पण हवेतलं पाणी ओढते. पुण्यातल्या जुलैत डेसिकेटरबाहेर, म्हणजे ओल शोषणाऱ्या बंद भांड्याबाहेर, काढली की बोटांना चिकटायची. आत फॉस्फरस-ऑक्सिजनच्या लांब साखळ्या, एकमेकींना धड न बांधलेल्या. पाणी शिरतं आणि त्या तोडतं.

दुसरी काच मी पुन्हा भट्टीत घातली होती, ग्रॅफाइटच्या होडीसारख्या भांड्यात, वरून अमोनिया सोडून, त्यातला नायट्रोजन काचेत शिरावा म्हणून. ओढणीला दोन दिवस वास. तोलली तर १० ग्रॅमची ९.७ भरली! लॅबमधले काका म्हणाले, "ताई, नायट्रोजन घालत होता ना? मग कमी कसं? सांडलं का?"

मलाही तसंच वाटलं. रात्री रूमवर हिशोब मांडला तेव्हा ट्यूब पेटली. विद्युतभार जुळायचा तर दोन नायट्रोजन आत येताना तीन ऑक्सिजन बाहेर पडतात, पाण्याची वाफ होऊन. वजनात आले २८, गेले ४८. म्हणजे ०.३ ग्रॅमची तूट पडली तर ०.४२ ग्रॅम नायट्रोजन शिरला. काका दुसऱ्या दिवशी फक्त "असं होय" म्हणाले.

ऑक्सिजन दोन फॉस्फरसना जोडतो. नायट्रोजन काही ठिकाणी तिघांना. त्या तिसऱ्या हातानं शेजारची साखळी बांधली जाते. मग काच मऊ पडायला जास्त तापमान लागतं, कठीणपणा आणि अपवर्तनांक (प्रकाश वळवण्याची क्षमता) वाढतो, तापल्यावर ती कमी फुगते, आणि पाण्यात विरघळायला कितीतरी जास्त वेळ घेते.

हाव धरली तर मात्र फसतं. मी एकदा तापमान चढवलं आणि काच काळी झाली. अमोनियानं फॉस्फरसचंच क्षपण केलं होतं, म्हणजे त्याचा ऑक्सिजन काढून घेतला होता. असा फॉस्फरस प्लॅटिनमची मूससुद्धा खातो, म्हणून तर ग्रॅफाइट.

याच जातीचा, म्हणजे नायट्रोजन घातलेल्या फॉस्फेटचा, लिथियमचा पातळ थर, लायपॉन, अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला बनला आणि घन, म्हणजे आत द्रव नसलेल्या, बॅटऱ्यांत गेला. तिथे नायट्रोजनमुळे लिथियमची ये-जा उलट सोपी होते. मला हे तेव्हा पटायचंच नाही.

चिकट काच रात्री वाटीभर पाण्यात टाकली. सकाळी वाटीत पाणीच होतं.