ऑफिसातली ओढ आणि घरचा संसार : माझा अनुभव

मुंबईतल्या एका बँकेच्या विभागीय कार्यालयात मी कर्ज विभागात अधिकारी होते. मार्चअखेरीस थकीत खात्यांच्या याद्या आणि कर्जमर्यादांची नूतनीकरणे यांपायी रात्री उशिरापर्यंत थांबावे लागे, आणि त्याच काळात विभागातल्या एका विवाहित सहकाऱ्याविषयी मला, आणि त्यांना माझ्याविषयी, ओढ वाटू लागली. आमच्यात शारीरिक असे काहीच घडले नव्हते, त्यामुळे ‘यात काय एवढे’ अशी मनाची समजूत घालणे सोपे जात होते.

ही गोष्ट माझ्याआधी गाडीतल्या मैत्रिणींच्या लक्षात आली. परतीच्या ठाणे लोकलमध्ये महिलांच्या डब्यात आमचा जुना गट आहे; तो सोडून, त्या सहकाऱ्याशी बोलत जाता यावे म्हणून, मी जनरल डब्यात चढू लागले होते. मुंबईची बाई तिघींच्या बाकावर सरकून मिळणारी हक्काची चौथी सीट सोडून जनरलच्या गर्दीत उभी राहते, तेव्हा त्याचे कारण तिला स्वतःला पुरते ठाऊक असते.

मी पतींना सांगायचे ठरवले, आणि एका रविवारी दुपारी, मुलगी क्लासला गेलेली असताना, सांगितले. प्रेम आहे का, कुठवर गेले आहे, असे ते विचारतील अशी माझी तयारी होती. त्यांनी विचारले, “तू त्याला माझं काय काय सांगितलंस?” त्यांचा व्यवसाय बंद पडला होता आणि त्यासाठी त्यांनी धाकट्या भावाकडून पैसे घेतले होते, हे आमच्या घराबाहेर फक्त त्या सहकाऱ्याला ठाऊक होते. माझ्या मनातल्या ओढीपेक्षा हे त्यांना जास्त लागले.

पुढे काही दिवस ते हॉलमध्ये झोपत. त्यांनी वकील असलेल्या मावसभावाला गाठल्याचे मला नंतर कळले. त्याने सांगितलेले उपयोगी होते : सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 रोजी भारतीय दंड संहितेचे कलम 497 रद्द केल्यापासून व्यभिचार हा गुन्हा राहिलेला नाही, हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13 नुसार तो घटस्फोटाचे कारण ठरतो खरा, पण त्यासाठी परक्या व्यक्तीशी शरीरसंबंध आल्याचे सिद्ध व्हावे लागते. कुटुंब न्यायालयातही समुपदेशक असतातच, मग तिथवर जाऊन बोलण्यापेक्षा आधीच एखाद्याकडे जा, असे त्याने सुचवले. आम्ही गेलो. त्या समुपदेशक बाईंनी पहिली अट घातली ती वेळेची : पतींनी हवे ते विचारावे आणि मी खरे ते सांगावे, पण ठरलेल्या तासाभरात; मध्यरात्री उलटतपासणी नको.

सहकाऱ्याशी मी दुपारी कँटीनमध्ये बोलले, कारण गाडीत किंवा उशिरा रिकाम्या मजल्यावर ते बोलणे लांबले असते. “सर, कामाखेरीजचं बोलणं मी आजपासून थांबवते आहे. घरी सांगितलंय.” त्यांनी निदान मैत्री तरी राहू द्या, असे म्हटले. मी नको म्हणाले. असे बहुतेक निश्चय या ‘निदान’पाशीच ढिले पडतात, असे माझे मत आहे. त्यांनी ते मानले, हे नोंदवायला हवे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा नकोशा वागण्यासाठी आहे, त्यामुळे परस्परांच्या ओढीची तक्रार अंतर्गत समितीकडे नेण्याचा प्रश्नच नव्हता. नकार दिल्यावरही पिच्छा पुरवला गेला असता, तर मात्र मी गेले असते.

विभाग बदलून मागताना मी वरिष्ठांना खासगी कारण दिले नाही. बँकेत ठरावीक काळाने काम बदलतेच. किरकोळ (रिटेल) कर्जांचा अनुभव हवा आहे, एवढे पुरले. बदलीचा आदेश यायला जून उजाडला. तोवर एकाच टेबलावर फायली फिरवणे हा यातला सगळ्यात कठीण भाग होता, आणि त्यावर ईमेलने लिहिणे व तिसऱ्या कोणाला बरोबर बसवणे यापलीकडे मला उपाय सापडला नाही.

आता तिमाही आढाव्याच्या बैठकीत ते सहकारी असतात. त्या दिवशी पतींनी विचारण्याआधी मी सांगते. भावाच्या पैशांची गोष्ट बाहेर गेली, हे मात्र त्यांना अजून पचलेले नाही, आणि समुपदेशकांकडे आमचे सध्याचे बोलणे त्याविषयीच चालते.