सेन्सर दोनदा बदलला, बिघाड वायरीत होता

डिझेल व्हॅन माझ्याकडे आली तेव्हा थर्मोस्टॅट नवा होता, कूलंटचं (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचं) तापमान मोजणारा सेन्सर तर दोनदा बदललेला. तरी इंजिन पुरेसं तापत नाही असं सांगणारा पी ०१२८ कोड परत येत होता, डिझेल जास्त जात होतं आणि गर्दीत रेडिएटरचा फॅन वेळेवर लागत नव्हता. मला काळजी फॅनची वाटली. तापलेलं इंजिन ईसीएमला (इंजिन चालवणाऱ्या कंप्युटरला) थंड दिसत असेल, तर हेड गॅस्केट जायला वेळ लागत नाही.

रात्रभर गाडी उभी ठेवली. सकाळी सुरू न करताच स्कॅनर लावला: कूलंट २१ अंश, आत येणारी हवा २४, डिझेल २४. गार इंजिनात हे आकडे जवळपास सारखे हवेत, पण तीन अंशांकडे सहसा कुणी बघत नाही. मी ते लिहून ठेवले आणि इंजिन तापवलं. स्कॅनर ६१ वर अडकला. डॅशबोर्डचा काटा मात्र मध्यावर. त्याचा सेन्सर वेगळा आहे. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर काळी टेप चिकटवून इन्फ्रारेड थर्मामीटर धरला: ८३. (चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर टेपशिवाय आकडा कमी येतो.)

गरम सेन्सर खोलायचा नाही, दाबाखालचं कूलंट अंगावर उडतं. इग्निशन बंद करून नुसता कपलर काढला आणि सेन्सरच्या पिनांवर मीटर लावला: २९० ओहम. सेन्सर तापतो तसा त्याचा रोध, म्हणजे ओहम, घटतो; या प्रकारच्या सेन्सरला २० अंशांवर सुमारे २५०० आणि ८० वर सुमारे ३२० ओहम येतात. सेन्सर चांगलाच होता.

कपलर सुटा ठेवून इग्निशन लावलं. स्कॅनरवर उणे ४०, सिग्नलच्या पिनवर ५ व्होल्ट, दोन्ही बरोबर. बहुतेक वेळा तपासणी इथेच थांबते आणि नवा सेन्सर मागवला जातो. पण करंट वाहत नसताना खराब वायरही पूर्ण ५ व्होल्ट दाखवते. कपलरच्या दोन्ही पिना वायरीच्या तुकड्याने जोडल्या. स्कॅनर १३० च्या वर जायला हवा होता, तो ८३ वर थांबला. ८३ अंशांना सेन्सरचे २९० ओहम आले होते, म्हणजे वायरीतच सुमारे २९० ओहम होते. गार सेन्सरच्या २१०० ओहममध्ये ते मिळाले की तीनच अंश चुकतात. गरम सेन्सरच्या २९० मध्ये मिळाले की ओहम दुप्पट होतात आणि २२ अंश हरवतात.

कपलर परत लावून, इग्निशन चालू ठेवून मागून प्रोब घातला. अर्थची (निगेटिव्हकडे जाणारी) पिन आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांत अर्ध्या व्होल्टहून जास्त, ०.०५ च्या आत हवं. हवेचा सेन्सर त्याच अर्थवर आहे आणि तो बरोबर होता, म्हणून कपलर ते दोन्ही अर्थ एकत्र येतात तो जोड एवढाच तुकडा उरला. वायरींवर गुंडाळलेली टेप सोडली तर ब्रॅकेटवर घासून वायरीला चीर पडलेली. आत तांबं हिरवं पडून तुटलं होतं, मधल्या गंजातूनच करंट जात होता.

दोन्हीकडे चकचकीत तांबं लागेपर्यंत वायर कापली, तेवढ्याच जाडीचा नवा तुकडा सोल्डर केला, आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवली आणि वायर ब्रॅकेटपासून दूर बांधली. पिना पुन्हा जोडून पाहिल्या: १३० च्या वर. इंजिन तापलं, स्कॅनर आणि टेपवरचा आकडा जुळला, फॅन आपोआप लागला.