जुन्या स्पीकरचा क्रॉसओव्हर बदलताना: दोनशे तासांची वाट आणि एक काळी तार

"कपॅसिटर नवे आहेत, त्यांना वाजू द्या, दोनशे तासांनी आवाज आपोआप मोकळा होईल." माझ्या जुन्या स्पीकरच्या क्रॉसओव्हरमधले, म्हणजे खालचे आणि वरचे स्वर वेगळे करून ज्याच्या त्याच्या ध्वनियंत्राकडे पाठवणाऱ्या पाटीवरचे, कपॅसिटर मी बदलले आणि आवाज पोकळ झाला, तेव्हा हे वाक्य मला एका पाठोपाठ एक अशा चार जाणकारांनी ऐकवले आणि त्यावर विश्वास ठेवून मी तीन आठवडे रोज नऊ-दहा तास स्पीकर चालू ठेवले. त्या तीन आठवड्यांत आवाजात तसूभरही फरक पडला नाही, कारण दोष कपॅसिटरमध्ये नव्हताच. तो मी स्वतःच्या हाताने घातला होता आणि पाच मिनिटांत निघण्यासारखा होता. दुसऱ्या कोणाचा वेळ असा जाऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

माझे स्पीकर चाळीस वर्षांहून जुने आहेत. बंद लाकडी पेटी, खालच्या स्वरांसाठी आठ इंची कागदी शंकूचा वूफर आणि वर, वरच्या स्वरांसाठी, एक इंची कापडी घुमटाचा ट्वीटर, अशी त्यांची साधी रचना आहे. खालचे स्वर अजूनही भरदार होते, परंतु झांजेवर जाड कापड टाकल्यासारखा तिचा आवाज येत असे आणि गायिकेच्या उच्चारातले 'स' आणि 'श' बोथट झाले होते. ट्वीटर मल्टिमीटरवर तपासले तेव्हा दोन्हींचा रोध सहा ओहमच्या आसपास, म्हणजे आठ ओहमच्या ट्वीटरचा असावा तितकाच निघाला. त्यामुळे संशय क्रॉसओव्हरवर गेला आणि तो संशय योग्यच होता.

या क्रॉसओव्हरमध्ये ट्वीटरच्या वाटेवर एक ६.८ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ओळीत आहे, त्यानंतर ०.५ मिलिहेन्रीची कॉइल समांतर जोडलेली आहे आणि शेवटी ट्वीटरचा आवाज वूफरच्या पातळीवर आणण्यासाठी ३.३ ओहम व १० ओहम अशा दोन रेझिस्टरांचा एल-पॅड आहे. कपॅसिटर बायपोलर इलेक्ट्रोलिटिक जातीचा होता. या जातीच्या कपॅसिटरमधला द्रव वर्षानुवर्षे सुकत जातो, त्याचे मूल्य सरकते आणि ईएसआर, म्हणजे त्याच्या पोटातला मालिकेतला रोध, वाढतो. मी एक पाय सोडवून मोजले तेव्हा एका पेटीतला कपॅसिटर ८.१ आणि दुसऱ्यातला ७.७ मायक्रोफॅरड निघाला, आणि दोघांचाही ईएसआर एक ओहमच्या वर होता. (पाय न सोडवता मोजू नये, समांतर कॉइल आणि ट्वीटर मिळून मीटरला भलताच आकडा दाखवतात.) ६.८ च्या ऐवजी ८.१ झाले की ०.५ मिलिहेन्रीच्या कॉइलबरोबरची त्याची छेदवारंवारता, म्हणजे वूफरकडून ट्वीटरकडे आवाज सोपवला जातो ती वारंवारता, सुमारे २,७०० हर्ट्झवरून २,५०० हर्ट्झवर उतरते, म्हणजे नाजूक ट्वीटरवर खालच्या स्वरांचा भार वाढतो. दुसरीकडे, वाढलेला रोध त्याची एकूण पातळी खाली ओढतो. बोथटपणाचे कारण हे दुसरे होते.

दोन्ही पेट्यांत मी ६.८ मायक्रोफॅरडचे पॉलिप्रॉपिलीन फिल्म कपॅसिटर बसवले. ते जुन्यांच्या तिप्पट आकाराचे असल्यामुळे पाटीवर मावले नाहीत आणि पट्टीने बांधून बाजूला बसवावे लागले; बाकी सोल्डरिंग एका संध्याकाळीत आटोपले. वूफरच्या शाखेतला २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र नव्या इलेक्ट्रोलिटिकनेच बदलला. तो समांतर आहे, त्याचे काम वूफरच्या वरच्या टोकापुरते आहे आणि एवढ्या मूल्याचा फिल्म कपॅसिटर त्या पेटीत ठेवायला जागाच नव्हती.

त्या संध्याकाळी पहिली तबकडी लावली आणि माझा हिरमोड झाला. झांज आता स्वच्छ, टोकदार आणि जिवंत ऐकू येत होती, पण गायिका जणू दोन पावले मागे सरकून भिंतीआड उभी राहिली होती. व्हायोलिन पोकळ वाटत होते. खाली वूफर, वर ट्वीटर, आणि दोघांच्या मधोमध काहीच नाही, असा तो आवाज होता.

इथून माझी अडचण सुरू झाली आणि दोनशे तासांचा सल्लाही इथेच मिळाला. प्रत्येकाने तो इतक्या खात्रीने दिला की शंका घेणे मला उद्धटपणाचे वाटले. पहिल्या आठवड्यानंतर मला फरक ऐकू येतो आहे असे भासले, दुसऱ्या आठवड्यात तो भास ओसरला आणि तिसऱ्या आठवड्यात एक कपॅसिटर परत सोडवून मी मीटरला लावला. बसवण्यापूर्वी माझ्या वहीत ६.७९ मायक्रोफॅरड अशी नोंद होती. दोनशे तासांनंतरही मीटर ६.७९ च दाखवत होता आणि ईएसआर पूर्वीइतकाच नगण्य होता. नव्या वूफरची लवचिक कड आणि मागची जाळी पहिल्या काही तासांच्या हालचालीने थोडी सैल होते, हे मला मान्य आहे. पण माझा वूफर चाळीस वर्षे हलून झालेला होता आणि फिल्म कपॅसिटरमध्ये सैल होण्यासारखे काही नसते. ज्याचे मूल्य बदलत नाही त्याच्यामुळे आवाजातला एवढा मोठा खड्डा भरून निघेल, ही अपेक्षाच चुकीची होती. हे मी पहिल्याच दिवशी मोजून पाहायला हवे होते, याची चुटपुट अजून जात नाही.

मग मी काही निरर्थक उद्योग केले. एल-पॅडचे रेझिस्टर बदलले, कॉइलचा रोध तपासला, वूफरचा नवा कपॅसिटर काढून जुना परत लावून पाहिला. खड्डा तसाच राहिला. या सगळ्यात एक खूण मात्र रोज माझ्यासमोर येत होती आणि मी तिच्याकडे दुर्लक्ष करत होते: खुर्चीत बसून ऐकताना आवाज पोकळ वाटे, पण तबकडी बदलायला उभी राहिले की गायिका थोडी पुढे येई. खोलीच्या प्रतिध्वनीमुळे तसे होत असेल, असे मी गृहीत धरले. खरे तर दोष काय आहे हे ती खूण उघडपणे सांगत होती. २,७०० हर्ट्झच्या ध्वनीची अर्धी तरंगलांबी जेमतेम सव्वासहा सेंटिमीटर असते. श्रोता उभा राहिला की वूफर आणि ट्वीटर यांच्यापासूनच्या अंतरांत काही सेंटिमीटरचा फरक पडतो आणि एकमेकांना खोडून काढणाऱ्या दोन लहरी पूर्णपणे खोडू शकत नाहीत.

अखेर मापनाचा मायक्रोफोन मागून घेतला, एका मीटरवर, दोन्ही ड्रायव्हरच्या, म्हणजे वूफर आणि ट्वीटर यांच्या, मधल्या उंचीवर ठेवला आणि खालपासून वरपर्यंत सरकणारा स्वर वाजवला. आलेखात २,७०० हर्ट्झजवळ विहिरीसारखा खोल खड्डा होता. मग वूफर सोडवून एकट्या ट्वीटरचा आलेख घेतला, तो निर्दोष निघाला. एकट्या वूफरचाही निर्दोष निघाला. दोघे वेगवेगळे व्यवस्थित आणि एकत्र आले की खड्डा, हे आलेखावर पाहिल्यावर माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ट्वीटरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि पुन्हा स्वर सरकवला. खड्डा गेला होता.

त्यानंतर मी काम सुरू करण्यापूर्वी काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिले. ट्वीटरच्या लाल ठिपक्याच्या टोकावर काळी तार होती. दोन्ही पेट्यांत तसेच होते. सोल्डरिंगच्या संध्याकाळी ते पाहून मला वाटले होते की आधीच्या कोणा दुरुस्ती करणाऱ्याने चूक केली असावी, आणि मी ती मोठ्या समाधानाने "सुधारली" होती. ती चूक नव्हती, रचनाकाराने विचार करून केलेली जोडणी होती. अशा दुसऱ्या क्रमाच्या, म्हणजे प्रत्येक वाटेवर एक कपॅसिटर आणि एक कॉइल असलेल्या, क्रॉसओव्हरमध्ये छेदवारंवारतेवर वूफरकडे जाणारा संकेत ९० अंश मागे पडतो आणि ट्वीटरकडे जाणारा ९० अंश पुढे जातो. दोघांत १८० अंशांचे अंतर पडते, म्हणजे एकाचा शंकू पुढे येत असताना दुसऱ्याचा घुमट मागे जातो आणि त्या वारंवारतेवर दोघांचा आवाज एकमेकांना मारतो. म्हणून ट्वीटर मुद्दाम उलटा जोडतात. चौथ्या क्रमाच्या, म्हणजे प्रत्येक वाटेवर याच्या दुप्पट भाग असलेल्या, जोडणीत हे अंतर ३६० अंश होते आणि ट्वीटर सरळ ठेवला जातो. अभियंता झिगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६ साली क्रॉसओव्हरवरचा आपला प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, त्याच्या गाभ्याशी दोन ड्रायव्हरच्या आवाजाची ही बेरीज आणि त्यांच्या लहरींतले अंशांचे अंतर (फेज) हाच प्रश्न आहे. क्रॉसओव्हरला हात घालण्याआधी मी एवढे तरी वाचायला हवे होते.

दोन्ही पेट्यांत मी एकसारखीच अदलाबदल केल्यामुळे डावी-उजवी बाजू परस्परांशी जुळलेली होती आणि तुलनेला काहीच शिल्लक राहिले नव्हते. त्यामुळे माझा पहिला सल्ला हाच आहे, जरी तो इतक्या उशिरा सांगते आहे: एका वेळी एकच पेटी उघडावी, दुसरी जशीच्या तशी ठेवावी आणि एकच ध्वनी आलटूनपालटून दोन्हींवर ऐकावा. मी तसे केले असते तर त्याच रात्री चूक पकडली असती. छायाचित्र तर काढावेच, पण प्रत्येक तार कोणत्या टोकाला जाते ते कागदावर लिहून काढावे, कारण छायाचित्र पाहायचे राहून जाते आणि हाताने लिहिलेले डोक्यात राहते.

तारा मूळ जागी गेल्यावर दुसरा, खूप लहान प्रश्न उरला. गायिका परत आली, पण तिचे 'स' आता जरा धारदार वाटू लागले. याचे कारण हिशेबाने सापडते. जुन्या कपॅसिटरचा १.१ ओहम रोध एल-पॅडच्या सुमारे पावणेआठ ओहमच्या भाराशी ओळीत असताना ट्वीटरची पातळी एक डेसिबलहून थोडी अधिक खाली ठेवत होता. नव्या कपॅसिटरचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे तेवढी पातळी एकदम वर आली. जुना कपॅसिटर कारखान्यातून आला तेव्हाही त्याचा रोध शून्य नव्हता, आणि रचनाकाराने एल-पॅडची मूल्ये तो गृहीत धरूनच निवडली असणार. म्हणून मी नव्या कपॅसिटरच्या ओळीत ०.४७ ओहमचा, पाच वॅटचा रेझिस्टर टाकला. त्याआधी ०.३३ आणि १ ओहम मगरचिमट्यांनी तात्पुरते लावून ऐकले होते. १ ओहमला झांज पुन्हा मंदावली. महागडा कपॅसिटर घेऊन त्याच्यापुढे अर्ध्या ओहमचा रेझिस्टर लावणे अनेकांना पटत नाही, परंतु माझ्या कानांना या सगळ्या बदलातला सर्वांत शहाणा बदल तोच वाटतो.

आणखी काही गोष्टी लिहिता लिहिता आठवल्या. ट्वीटरच्या टोकावर सोल्डर करताना टोक पक्कडीत धरावे, नाहीतर उष्णता आत जाऊन केसासारखी बारीक तार सुटते. कॉइल सरकवावी लागली तर दोन कॉइली एकमेकींना काटकोनात ठेवाव्यात आणि लोखंडी स्क्रूपासून दूर ठेवाव्यात. वूफरची ध्रुवता दीड व्होल्टच्या सेलने तपासता येते, शंकू पुढे आला की सेलचे धन टोक वूफरच्या धन टोकाला लागले आहे असे समजावे. ट्वीटरवर मात्र हा प्रयोग करू नये, त्याची हालचाल डोळ्यांना दिसत नाही आणि सरळ विद्युत प्रवाह त्याला मानवत नाही. बंद पेटीच्या वूफरखालची पट्टी झिजली असेल तर ती बदलूनच पेटी मिटवावी, नाहीतर हवा गळते आणि खालचे स्वर ढिले पडतात. तबकड्या उंच आवाजात लावण्याआधी प्रत्येक पेटी अगदी कमी आवाजात, एकेकटी ऐकावी.

काल रात्री मी खुर्चीत बसून एक अख्खी तबकडी ऐकली आणि मध्येच उभी राहिले. आवाज बसल्यावर होता त्याहून किंचित उणाच वाटला. जुने कपॅसिटर मोजलेल्या आकड्यांच्या चिठ्ठीसह एका पिशवीत घालून डाव्या पेटीच्या तळाशी ठेवले आहेत आणि दोन्ही पेट्यांच्या आतल्या बाजूला, पुढे जो कोणी ही पेटी उघडेल त्याच्यासाठी, मोठ्या अक्षरांत लिहिले आहे: ट्वीटरची काळी तार लाल ठिपक्यावरच लावायची आहे.