रोजच्या वापरातली स्पोर्ट्स कार, नोंद चौथी: थर्माकोलची पट्टी आणि पाच स्पीडब्रेकर

मागच्या नोंदीत यादी चार गाड्यांवर आणून थांबलो होतो. वापरलेली पोर्शे ९११ (९९२ पिढीतली), बीएमडब्ल्यू एम२, निस्सान जीटी-आर आणि ऑडी आर८. त्याला चार महिने झाले. मधल्या काळात लिहिलं नाही, कारण मोजमापं चालू होती. आता यादीत एकच गाडी उरली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी माझी अट पुन्हा सांगतो. ही गाडी रविवारपुरती बाहेर काढून पुन्हा झाकून ठेवायची नाही. नाशकात आनंदवल्लीहून मुलीची शाळा, तिथून पपया नर्सरी, अंबड लिंक रोड आणि मग एमआयडीसीतलं माझं वर्कशॉप. येऊन-जाऊन बावीस किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस. महिन्यातून दोनदा मुंबई. हे सगळं जिला झेपेल तीच घ्यायची. शून्यापासून शंभरपर्यंत किती सेकंदांत, हा प्रश्न या रस्त्यावर एकदाही येत नाही. पोट घासेल का, हा प्रश्न मात्र दर अर्ध्या किलोमीटरला येतो. म्हणून सुरुवात स्पीडब्रेकरपासून केली.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात स्पीडब्रेकरचं माप ठरलेलं आहे. रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. कागदावर आकडेमोड केली. ९११चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर आहे. अशा स्पीडब्रेकरवर ती मधोमध आली, की पुढच्या-मागच्या चाकांमधला उंचवटा पोटाकडे जेमतेम ४.४ सेंटिमीटर येतो. जीटी-आरचा व्हीलबेस २.७८ मीटर, तिथे ५.७ सेंटिमीटर. या चारही गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे पोट आणि जमीन यांतलं अंतर, साधारण साडेदहा ते साडेबारा सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे मानकाप्रमाणे बांधलेल्या स्पीडब्रेकरवर यातली एकही गाडी अडकायला नको.

पण आमच्या कॉलनीतला स्पीडब्रेकर दोरी आणि लेव्हल लावून मोजला, तेव्हा उंची १४ आणि रुंदी ८० सेंटिमीटर निघाली. एवढा अरुंद उंचवटा दोन्ही चाकांच्या मध्ये पूर्ण मावतो. चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि पोटाखाली अख्खे १४ सेंटिमीटर. इथे लांब काय आणि आखूड काय, व्हीलबेसचा काही उपयोग नाही. जी खाली, ती घासणार.

मग पुढचा प्रयोग केला. माझ्या सध्याच्या गाडीच्या, स्कोडा ऑक्टेव्हिया आरएसच्या पोटाला, बरोबर दोन्ही चाकांच्या मध्यावर, थर्माकोलची आडवी पट्टी चिकटवली. पाच-पाच मिलिमीटरचे थर एकावर एक लावले आणि दोन माणसं बसल्यावर खालची कड जमिनीपासून १२ सेंटिमीटरवर राहील असं बघितलं. एक आठवडा रोजच्या रस्त्याने गेलो. घासलं की थांबून किती थर गेले ते वहीत लिहायचं आणि नवी पट्टी लावायची. जाताना एकूण ३१ स्पीडब्रेकर लागले. त्यातले २६ पट्टीला न शिवता पार झाले, हे मला स्वतःला खरं वाटलं नाही, म्हणून दुसऱ्या आठवड्यात पुन्हा केलं. आकडा तोच. घासणारे पाच: दोन आमच्याच कॉलनीत, एक शाळेच्या फाटकासमोर, एक लिंक रोडच्या आतल्या गल्लीत आणि पाचवा म्हणजे माझ्याच वर्कशॉपचा रॅम्प, जिथे उतार संपून फरशी सुरू होते ती कड.

या पाचांसाठी गाडी बदलायची की रस्ता, याचा विचार केला. गल्लीतला ब्रेकर तिरका घेतला की पट्टी वाचते. तिरकं जाताना चारही चाकं एकेक करून चढतात, त्यामुळे एखादं चाक कायम उंचवट्यावर असतं आणि पोट उचललेलं राहतं. शाळेसमोर दोन्ही बाजूंना रिक्षा उभ्या असतात, तिथे तिरकं जायला जागाच नाही. तो प्रश्न बायकोने एका वाक्यात सोडवला. "अहो, कोपऱ्यावर उतरवा ना तिला. चाळीस पावलं चालेल की ती!" रॅम्पची कड गवंडी लावून उतरती करून घेतली, दीड दिवसाचं काम. कॉलनीतल्या दोन ब्रेकरसाठी मात्र सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय मांडावा लागला. रस्ता सोसायटीच्या मालकीचा असल्यामुळे परवानगी मिळाली आणि खर्च मी केला. आता दोन्ही ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहेत. शेजारचे आजोबा स्कूटरवरून थांबून म्हणाले, "कंबरेला दचका बसत नाही हो आता." चार महिन्यांतलं सगळ्यात समाधानाचं काम तेच.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण बरेच जण मला हाच सल्ला देत होते: 'नाक उचलणारी लिफ्ट असलेली गाडी घे, प्रश्न मिटला.' ९११ची लिफ्ट पुढची बाजू साधारण ४० मिलिमीटर उचलते. पण उचलते पुढचाच अॅक्सल, मागची चाकं आहेत तिथेच राहतात. त्यामुळे गाडीच्या मध्यावर फायदा निम्मा, म्हणजे २० मिलिमीटरचा. बेसमेंटच्या चढणीला, फुटपाथच्या कडेला ती उत्तम. अरुंद उंच ब्रेकरवर तिच्या भरवशावर राहू नका.

पावसाळ्यात दुसरं मोजमाप सुरू झालं, टायरच्या बाजूचं. सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांमुळे अनेक रस्ते खोदलेले आहेत, आणि खड्ड्यात गेल्यावर रिम वाचते की नाही हे रस्ता आणि रिम यांच्यामध्ये रबर किती उंच आहे यावर ठरतं. टायरवरचे आकडे गुणले की ती उंची मिळते. एम२च्या मागच्या टायरचं माप २८५/३०, म्हणजे २८५चे तीस टक्के, साडेपंच्याऐंशी मिलिमीटर. ९११ कॅरेरा एसला, म्हणजे साध्या ९११ कॅरेराच्या जास्त ताकदीच्या बहिणीला, पुढे २४५/३५, म्हणजे जवळपास ८६. आणि साध्या कॅरेराला? पुढे २३५/४०, म्हणजे ९४. मागे २९५/३५, म्हणजे १०३. जीटी-आरला पुढे १०२ आणि मागे जवळपास १००.

हे गणित करेपर्यंत माझ्या मनात 'एस'च होती. ४५० अश्वशक्ती, मोठी चाकं, दिसायला भरीव. आता साध्या कॅरेराकडे वळलो आहे आणि ते पैसे वाचवण्यासाठी नाही. तिची ३८५ अश्वशक्ती मला आयुष्यभर पुरेल. चाकं पुढे १९ आणि मागे २० इंची, आणि नाशकाच्या पावसाळ्यात रबराचा तो जास्तीचा सेंटिमीटर शक्तीपेक्षा मोलाचा. वापरलेली गाडी बघताना मात्र रिमचं माप प्रत्यक्ष वाचा. साध्या कॅरेरालाही पहिल्या मालकाने मोठी चाकं निवडलेली असू शकतात. ९११ला स्टेपनी नसते, फक्त सीलंट आणि हवा भरायचा पंप मिळतो. टायरची बाजू फाटली तर त्याचा काही उपयोग नाही. म्हणूनही उंच बाजू हवी.

आर८ यादीतून गेली ती दुःखाने. एका परिचितांनी इगतपुरीजवळच्या समृद्धी महामार्गाच्या बोगद्यातून मला शेजारी बसवून नेलं. टर्बो नसलेलं ५.२ लिटरचं व्ही१० इंजिन पाठीमागे आणि सुमारे आठ किलोमीटरचा बोगदा. त्या आवाजाचं वर्णन मी करत नाही. पण दोनच सीट, डिकी ११२ लिटरची, रुंदी १.९४ मीटर आणि २०२४मध्ये उत्पादन बंद. मुलीला शाळेत सोडून पुढे बायकोला घेऊन जायचं, हे त्या गाडीत होतच नाही.

जीटी-आरचं उत्पादनही २०२५च्या ऑगस्टमध्ये थांबलं, अठरा वर्षांनंतर. भारतात ती २०१६च्या डिसेंबरमध्ये १.९९ कोटींना आली होती. चार सीट, ३१५ लिटरची डिकी, उंच बाजूचे टायर, कागदावर रोजच्या वापराला फार चांगली. पण इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या अॅक्सलवर आणि चारही चाकांना ताकद देणारी ती रचना हाताळलेला माणूस मला नाशकात मिळाला नाही. रोज चालवायच्या गाडीला रोज भेटणारा मेकॅनिक लागतो.

खरी लढत एम२ आणि ९११ यांची झाली. २०२३मध्ये एम२ इथे ९८ लाख एक्स-शोरूमला आली. नवी कोरी गाडी, वॉरंटी, ३९० लिटरची डिकी, मागे मोठं माणूस बसेल अशी जागा, वर सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. पैशाच्या मोबदल्यात काय मिळतं एवढंच विचारलं तर उत्तर एम२ आहे, आणि ज्यांच्या घरी एकच गाडी राहणार आहे त्यांनी डोळे मिटून एम२ घ्यावी.

आमच्याकडे मात्र ऑक्टेव्हिया राहणार आहे. आईचे गुडघे दुखतात. तिला दोन्ही गाड्यांच्या मागच्या सीटवर बसायला सांगून पाहिलं. दोन दारांच्या गाडीत पुढची सीट वाकवून मागे शिरणं तिला एम२मध्येही जमेना. "अरे, मला आपली जुनीच बरी," म्हणाली आणि विषय संपला. म्हणजे आईसाठी ऑक्टेव्हिया, सामानासाठी तिची ५९० लिटरची डिकी. मग एम२ ज्या दोन गुणांसाठी घ्यायची, ते घरात आधीच आहेत.

मुलगी नऊ वर्षांची आहे. ९११च्या मागच्या सीटवर ती नीट बसते, दप्तर शेजारी राहतं. या गाडीत मागे सीट असण्याचं कारण इंजिनच्या जागेत आहे. सिलिंडर आडवे झोपलेले, इंजिन ठेंगणं आणि मागच्या अॅक्सलच्याही पलीकडे. आर८मध्ये जिथे इंजिन बसतं तिथे इथे माझी मुलगी बसते. १९६३ला फ्रँकफुर्टला पहिली ९११ दाखवली तेव्हापासूनची ही मांडणी.

मित्राची कॅरेरा घेऊन समृद्धीवरून मुंबईकडच्या टोकाला, आमणेपर्यंत जाऊन आलो. १२०च्या मर्यादेतच. सिमेंटच्या रस्त्यावर मागच्या रुंद टायरांचा आवाज केबिनमध्ये भरून राहतो, हे आधीच सांगून ठेवतो. बायकोशी बोलताना आवाज चढवावा लागला. तासाभरानंतर ते जाणवतं. पण रस्ता हाताला कळतो. जोडावरून चाक गेलं की कुठल्या चाकाखालून गेलं ते स्टिअरिंगमधून समजतं. परतताना नाशकातल्या द्वारका चौकाच्या गर्दीत वीस मिनिटं अडकलो तेव्हा पीडीके या पोर्शेच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सने एकदाही गचका दिला नाही आणि १.८५ मीटर रुंदीमुळे रिक्षांच्या मधून जीव मुठीत न धरता निघता आलं.

व्यवहाराचं थोडक्यात. एमएच पासिंगचीच गाडी बघतोय. परराज्यातली स्वस्त दिसते, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) आणल्यावर इथला रोड टॅक्स पुन्हा भरावा लागतो, तो धरला की स्वस्ताई उरत नाही. आकडा आत्ता लिहीत नाही, बोलणी चालू आहेत. गाडी २०२१ची आहे, चाकं १९-२०चीच, दोन टायर बदलायला आलेत. पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर असतात आणि त्यांच्या जाळीमागे पाला-धूळ साचून राहते, तो भाग उघडून बघायचा माझा हट्ट विक्रेत्यांनी मान्य केला आहे. पोटाखालचं प्लॅस्टिकचं कव्हरही उतरवून बघणार. मुंबईच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला तपासणीची वेळ येत्या गुरुवारची मिळाली आहे.

तिथून गाडी एका दिवसासाठी नाशकात आणायची परवानगी मागितली होती, काल होकार आला. शनिवारी सकाळी साडेसहाला, रिक्षा लागायच्या आत, पाचही ठिकाणी नेणार. पोटाला खडूची पूड लावून.