आडनावाचा एकच रकाना

माझे सासर कॅनडातील फ्रेंचभाषक क्वेबेक प्रांताचे आणि आडनाव बोल्यू. मुलांसाठी त्या घराण्याची वंशावळ तयार करण्याचे मी मनावर घेतले, तेव्हा सतराव्या शतकातले पूर्वज सर्वांत आधी सापडले. न्यू फ्रान्समधील, म्हणजे त्या काळच्या तेथील फ्रेंच वसाहतीतील, कॅथलिक चर्चांनी बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदी चिकाटीने ठेवल्या होत्या आणि माँट्रियल विद्यापीठाने १९६६ पासून त्या एकमेकींशी जोडत आणल्या आहेत. त्यामुळे रिव्हिएर-वेल येथे स्थायिक झालेल्या पिएर युदों दी बोल्यू या मूळपुरुषापासून कित्येक पिढ्या बसल्या जागी उतरवून घेता आल्या.

अडले ते अगदी अलीकडे, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झालेल्या सासऱ्यांच्या आजोबांच्या विवाहापाशी. त्या नोंदीची प्रमाणित प्रत मिळवण्यासाठी एका कार्यालयाकडे फॉर्म आणि शुल्क पाठवले. बऱ्याच प्रतीक्षेनंतर ‘नोंद आढळली नाही’ असे एका ओळीचे उत्तर आले आणि शुल्क परत मिळणार नाही, हेही त्यातच कळवलेले होते. बोल्यूंचा विवाह युदों या नावाने नोंदलेला असणे सहज शक्य होते, कारण ‘दी’ म्हणजे आपल्याकडचे ‘उर्फ’. फ्रेंच सैन्यात शिपायाला टोपणनाव मिळे आणि १६६५ मध्ये वसाहतीत आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतील जे शिपाई तेथेच राहिले, त्यांच्याबरोबर ही टोपणनावेही रुजली. पुढे एका भावाने मूळ आडनाव ठेवले, दुसऱ्याने उर्फनाव, तर तिसऱ्याचे नाव पाद्रीबुवांच्या मर्जीप्रमाणे कधी हे, कधी ते. गोत्ये दी लारूश यांचे कित्येक वंशज आज नुसते लारूश आहेत, आणि क्वेबेकमध्ये याचे कोणाला नवल वाटत नाही.

म्हणून दुसऱ्या फॉर्मवर मी ‘युदों दी बोल्यू’ असे पूर्ण लिहिले. तो न तपासताच परत आला, कारण आडनावाच्या रकान्यात एकच नाव चालते. दूरध्वनीवरील बाईंनी अत्यंत सौजन्याने तोच नियम मला पुन्हा वाचून दाखवला. दोन नावांसाठी दोन अर्ज आणि दोनदा शुल्क, एवढाच मार्ग त्यांना दिसत होता. ज्या प्रांतात कित्येक घराण्यांना उर्फनावाचा इतिहास आहे, तेथील नोंदी सांभाळणाऱ्यांनी असा फॉर्म छापावा, याचा राग मला अजूनही येतो.

शेवटी मी नवऱ्या मुलाचे नाव बाजूला ठेवून नवरीच्या नावाने शोध घेण्याचा आग्रह धरला, आणि नोंद निघाली: वर युदों, वधू अर्थातच स्वतःच्या माहेरच्या आडनावाने. या नोंदींत स्त्रीचे जन्माचे आडनाव विवाहानंतर, अगदी दफनापर्यंत कायम राहते; १९८१ पासून तर क्वेबेकच्या कायद्यानेच विवाहित स्त्रीने स्वतःचे नाव चालवायचे आहे. आमच्या माहेरच्या कुलवृत्तांतात सुनांची पहिली नावेही बदललेली आहेत, त्यामुळे हे पाहून मला थोडा हेवा वाटला. अर्थात, वधूच्या माहेरालाही उर्फनाव असू शकते.

हे आधी सांगायला हवे होते, की पैसे खर्च करायचेच असतील तर ते विवाहाच्या नोंदीवर करावेत. तिच्यात बहुधा दोन्हीकडच्या आईवडिलांची नावे असतात, आयांची माहेरच्या आडनावांसह, आणि एका कागदावर दोन घराणी एक पिढी मागे जातात. शाखा अमेरिकेत न्यू इंग्लंडकडे गेली असेल तर रुआ आडनावाचे ‘किंग’ किंवा बुआव्हेरचे ‘ग्रीनवुड’ झालेले असू शकते, हेही ध्यानात ठेवावे. बाप्तिस्म्याच्या नोंदीत प्रत्येक मुलगा जोसेफ आणि प्रत्येक मुलगी मारी दिसली, तर ती नावे सोडून आडनावाआधीचे, दिलेल्या नावांतले शेवटचे नाव पाहावे. घरात हाक मारायचे नाव बहुधा तेच असते.